कॉन्ट्रा डान्सला पहिल्यांदा जाताय? आधी बुटांचं बघा

कॉन्ट्रा डान्सच्या दारात पैसे घ्यायला बसलेल्या बाई तुम्हाला नाचता येतं का, असं विचारत नाहीत. त्या तुमच्या पायांकडे बघतात आणि विचारतात, "आतले बूट आणलेत ना?" मी आणले नव्हते. मॅसॅच्युसेट्समधला मार्च महिना, रस्त्यावर अर्धवट वितळलेला बर्फ, त्यावर टाकलेलं मीठ, आणि तेच सगळं माझ्या बुटांच्या तळव्यांना. पहिले दोन नाच मी मोज्यांवर केले. तिसऱ्यात घसरून एका आजोबांच्या पोटावर आदळले. ते हसले, मला सरळ उभं केलं आणि पुढच्या माणसाच्या हातात देऊन मोकळे झाले, कारण बँड काही थांबला नव्हता.

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाला नवरात्रात गरबा सापडतो, जिममध्ये झुंबा सापडतो, मंडळाच्या गणपतीत लेझीमसुद्धा सापडतं. पण आपल्याच गावातल्या जुन्या लाकडी हॉलमध्ये महिन्यातून दोनदा फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजतं आणि तिथे कोणीही उठून जाऊन नाचू शकतं, हे मला इथे पाच वर्षं काढल्यावरही माहीत नव्हतं. ऑफिसातल्या एका बाईंनी अक्षरशः ओढून नेलं. आता मी इतरांना ओढून नेते, आणि गाडीत बसल्यापासून हॉल येईपर्यंत दर वेळी तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून टाकते.

हे नक्की असतं काय

दोन लांब रांगा, एकमेकींकडे तोंड करून. समोरच्या रांगेत तुमचा जोडीदार. हॉलच्या एका टोकाला स्टेज, त्यावर तीन-चार वादक. फिडल आणि पियानो बहुतेक वेळा असतातच. सोबत गिटार, मँडोलिन, बँजो, अकॉर्डियन, जे काही त्या दिवशी जमलं असेल ते. त्यांच्या बाजूला माइक घेऊन उभा असतो तो कॉलर. पुढे काय करायचं ते तो सांगतो आणि अख्खा हॉल ते एकदम करतो. रेकॉर्ड लावून नाचणं इथे सहसा होत नाही. गाणं जिवंतच लागतं.

एक नाच दहाएक मिनिटं चालतो. त्यात अर्ध्या मिनिटापुरती तुमची जोडी शेजारच्या एका जोडीबरोबर नाचते, मग ती जोडी मागे पडते आणि पुढची समोर येते. असं करत करत तुम्ही रांगेतल्या जवळजवळ सगळ्यांचे हात धरून झालेले असतात. प्रेक्षक नाहीत, स्पर्धा नाही, कोणी व्हिडिओ काढून मार्क देत नाही. तिथले जुने लोक सांगतात की चालता आलं की हा नाच आला. हे अर्धं खरं आहे. चालण्यासोबत डावं-उजवं झटकन कळावं लागतं आणि थोडी गरगर सोसावी लागते.

मूळ इंग्लंडचं. जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने १६५१ मध्ये अशा नाचांचं पुस्तक छापलं. फ्रेंचांनी ते नाच उचलले, 'कंट्री डान्स'चं 'कॉन्त्रदाँस' केलं, आणि अमेरिकेत त्याचं 'कॉन्ट्रा' झालं. शहरांत नवनव्या फॅशनी आल्या तशी त्याची हौस ओसरली. न्यू इंग्लंडच्या खेड्यांत, विशेषतः न्यू हॅम्पशायरच्या टाउन हॉलांत, ते तग धरून राहिलं. राल्फ पेज (१९०३–१९८५) हे तिथले नावाजलेले कॉलर. साठ-सत्तरच्या दशकांत कॉलर डडली लॉफमन यांच्यामागे शहरांतली तरुण पोरं लागली आणि नाच पुन्हा देशभर पसरला. एवढा इतिहास पहिल्या दिवसाला पुरे.

हॉल शोधायचा तर 'कंट्री डान्स अँड साँग सोसायटी' ही १९१५ पासूनची संस्था आहे, तिच्या यादीत राज्यवार नाच मिळतात. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला ग्रीनफिल्डचा 'गाइडिंग स्टार ग्रेंज' या नाचाची पंढरीच म्हणायला हरकत नाही. ग्रेंज ही शेतकऱ्यांची जुनी संघटना, १८६७ मध्ये स्थापन झालेली. गावोगावचे तिचे हॉल आता अशाच कामी येतात. बोस्टनजवळ राहणाऱ्यांना कॉन्कॉर्डचं स्काउट हाउस, वॉशिंग्टनच्या आसपासच्यांना मेरीलँडमधल्या ग्लेन एको पार्कची १९३३ साली बांधलेली स्पॅनिश बॉलरूम. सिएटल, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासही नाच होतात. पण पहिल्यांदा जाताना फार मोठा, नावाजलेला हॉल निवडू नका. तीस-चाळीस माणसांचा गावचा नाच बरा. तिथे तुम्ही नवीन आहात हे पंधरा मिनिटांत सगळ्यांना कळतं, आणि ते फायद्याचंच असतं.

घरून निघण्याआधी

बूट: तळ स्वच्छ, मऊ आणि किंचित घसरता. फार पकड असलेले पळायचे बूट गोल फिरताना जमिनीला चिकटतात आणि गुडघ्याला पीळ बसतो. टाचांचे नकोत, चपला-सँडल नकोत. कापडी कॅनव्हासची जोडी पिशवीत टाका आणि हॉलमध्ये गेल्यावर घाला. लाकडी फरशी हे त्या लोकांचं दैवत आहे. तिच्यावर खडा आला तर शंभर पावलांनी तो तिच्यावर घासला जातो.

कपडे: सुती, सैल, घाम टिपणारे. बाहेर शून्याखाली दहा असलं तरी आत पंख्यासमोर उभं राहायला रांग लागते. एक जास्तीचा टीशर्ट आणि पाण्याची बाटली न्याच. घेरदार स्कर्ट घालून बायका येतात आणि पुरुषही येतात, त्याकडे बघत बसू नका. आपल्याकडच्या मंडळींना खास सूचना: कुर्ता छान, ओढणी घरी. माझी ओढणी एकदा एका गृहस्थांच्या शर्टाच्या बटणात अडकली आणि आम्ही तिघं, मी, ते आणि त्यांची जोडीदारीण, एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत रांगेत दोन घरं पुढे सरकलो. काचेच्या बांगड्या, टोकदार अंगठ्या, लांब झुमके काढून ठेवा. लांब मंगळसूत्र ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या आत.

वास: अनेक नाचांच्या जाहिरातीत सुगंध लावून येऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. परफ्यूम, अत्तर, खूप वासाचं डिओडरंट टाळा. रात्रभर चाळीस जणांशी जवळून गाठ पडते आणि त्यातल्या कोणाला तरी दम्याचा त्रास असतो. जाता जाता एक घरगुती सल्ला: फोडणी घातली त्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेलं जॅकेट घालून जाऊ नका. हिंग आपल्याला कळत नाही, बाकी सगळ्यांना कळतो.

पैसे: साधारण १० ते २० डॉलर, विद्यार्थ्यांना कमी, आणि पुष्कळ ठिकाणी जेवढं जमेल तेवढं द्या अशी पाटी. रोख ठेवा. जोडीदार बरोबर न्यायची गरज नाही. दारू सहसा नसते. चर्चच्या तळघरात नाच असला तरी त्याचा धर्माशी काही संबंध नसतो, हॉल भाड्याने घेतलेला असतो. काही हॉलमध्ये अजूनही मास्क लागतो, तेवढं आधी बघून घ्या.

वेळ: हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपल्या लोकांकडून हेच चुकतं. साडेसातचा नाच असेल तर सातला नवख्यांसाठी अर्ध्या तासाची शिकवणी असते. सातलाच जा. कॉलर पहिले नाच सोपे ठेवतो आणि रात्र चढेल तसे अवघड करत नेतो. नऊ वाजता ऐटीत उगवलेला नवखा थेट आठवीच्या गणितात येऊन बसतो.

शिकवणीत काय कळतं

मुख्यतः दोन गोष्टी. पहिली, तुमची भूमिका. पूर्वी पुरुषाची बाजू आणि बाईची बाजू असं म्हणत. आता बऱ्याच ठिकाणी लार्क आणि रॉबिन ही पक्ष्यांची नावं वापरतात. लार्क जोडीत डाव्या बाजूला उभा राहतो, रॉबिन उजव्या. लार्क-लेफ्ट, रॉबिन-राइट, असं लक्षात ठेवायचं. कोणीही कुठलीही भूमिका घेऊ शकतं; दोन बायका, दोन पुरुष, आजी आणि नातू, सगळं चालतं. पहिल्या रात्री मात्र एकच भूमिका धरा आणि ती बदलू नका. मी मध्यंतरानंतर हौसेने बदलली आणि उरलेला वेळ चुकीच्या बाजूला उभं राहण्यात गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे हातात जीव ठेवणं. कॉलर ज्याला वजन देणं म्हणतात ते. कोपर थोडं वाकलेलं, हात ना लोंबता ना आवळलेला, आणि समोरच्याला तुमच्या वजनाची किंचित ओढ जाणवली पाहिजे. ही ओढ असली की दोन माणसं मिळून फिरतात. नसली की एक जण दुसऱ्याला ढकलत फिरवतो. शिकवणीत बाकी काही डोक्यात शिरलं नाही तरी चालेल, एवढं शिरू द्या.

रांग लागते तेव्हा

नाच सुरू होण्याआधी कॉलर ओरडतो, "हँड्स फोर!" स्टेजच्या बाजूने सुरुवात करून दोन-दोन जोड्या हात धरून चौघांचं कडं करतात. पहिल्या चौघांचं झालं की पुढचे चौघं, असं रांगेच्या शेवटापर्यंत. ही मोजणी होताना गप्पा मारू नका. मध्येच एक जोडी घुसली की मागची सगळी कडी मोडतात. प्रत्येक कड्यात स्टेजकडची जोडी एक नंबर, तिची पाठ बँडकडे. दुसरी जोडी दोन नंबर, तिचं तोंड बँडकडे. तुमच्या जोडीदाराला पार्टनर म्हणायचं आणि समोरच्या जोडीतल्या, रांगेत तुमच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला नेबर, म्हणजे शेजारी. पार्टनर पूर्ण नाचभर तोच. शेजारी दर अर्ध्या मिनिटाला बदलतो.

आता खरी गंमत. नाचाची एक फेरी संपली की एक नंबरच्या सगळ्या जोड्या एक घर खाली, म्हणजे बँडपासून लांब, सरकलेल्या असतात आणि दोन नंबरच्या एक घर वर. सरकायला वेगळं काही करावं लागत नाही, शेवटची हालचालच तुम्हाला नव्या शेजाऱ्यासमोर आणून सोडते. रांगेच्या टोकाला पोचलात की समोर कोणीच नसतं. घाबरू नका, हॉल सोडू नका. एक फेरी नुसतं थांबायचं, पार्टनरशी जागा अदलाबदल करायची आणि उलट्या दिशेने परत आत शिरायचं. एक नंबर आता दोन झाला. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून पहिल्या दोन-तीन नाचांत रांगेच्या मध्यावर उभे राहा. लाजून शेवटी उभं राहणं हा आपला शाळेपासूनचा शिरस्ता; इथे तो नडतो.

आणखी एक. नवराबायको, किंवा बरोबर आलेल्या दोन मैत्रिणी, पहिले काही नाच वेगवेगळे नाचा. दोन नवखे एकत्र आले की दोघंही एकमेकांकडे बघत उभे राहतात. जुन्या खेळाडूबरोबर उभं राहिलं की त्याचा हातच तुम्हाला कुठे जायचं ते सांगतो.

संगीताआधी कॉलर सगळा नाच एकदा, बहुतेक वेळा दोनदा, नुसता चालून दाखवायला लावतो. त्याला वॉक-थ्रू म्हणतात. बोलू नका, ऐका. बँड सुरू झाल्यावर पहिल्या काही फेऱ्या तो प्रत्येक हालचाल आधी सांगतो, मग शब्द कमी करतो, आणि एका क्षणी अजिबात बोलायचा थांबतो. तेव्हा लक्षात येतं की तुम्हाला तो नाच पाठ झालाय.

स्विंग, म्हणजे आपली फुगडीच

या नाचात मनापासून शिकावी अशी एकच हालचाल आहे. बाकी सगळं चालणं आहे.

लार्कचा उजवा हात रॉबिनच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्यापाशी. कमरेवर नाही. रॉबिनचा डावा हात लार्कच्या उजव्या दंडावर किंवा खांद्यावर. उरलेले दोन हात बाजूला धरलेले. दोघं अगदी समोरासमोर नसतात, किंचित डावीकडे सरकलेले असतात, त्यामुळे दोघांच्या उजव्या पावलांच्या बाहेरच्या कडा शेजारी येतात. मग घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गोल फिरायचं. सुरुवातीला नुसतं चाला. जमलं की उजवं पाऊल मध्ये खिळ्यासारखं ठेवून डाव्या पायाने ढकलत राहायचं, लहान मुलं एका पायावर स्कूटर ढकलतात तसं. उड्या मारायच्या नाहीत. डोकं एका पातळीत राहिलं पाहिजे.

मला हे तीन नाच झाले तरी जमेना. शेवटी पांढऱ्या केसांच्या एका बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मागे रेल, मला सोडू नकोस, माझ्या तोंडाकडे बघ. मी थबकले. साताऱ्याला मावशीच्या मंगळागौरीत, मी आठ वर्षांची असताना, मावशीने फुगडी शिकवताना हेच तीन हुकूम याच क्रमाने दिले होते. "मागं झुक, हात सोडू नको, माझ्याकडं बघ." फुगडीत हात तिढ्याचे आणि पायांचे चवडे जुळलेले, इथे पकड वेगळी, पण आतलं यंत्र एकच: दोघींची ओढ सारखी असली तर गाडी आपोआप फिरते. ज्यांनी फुगडी घातलीय त्यांना स्विंग पाच मिनिटांत येतो. त्यांनी फक्त एक पथ्य पाळावं. फुगडीइतकं मागे कलायचं नाही. पाठ ताठ, ओढ हातांतून आणि पाठीवरच्या तळव्यातून. मी पहिल्याच उत्साहात एका बारीकशा कॉलेजकुमाराला जवळजवळ भिंतीत नेऊन बसवलं होतं.

गरगरतं त्यावर उपाय म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं. आजूबाजूच्या भिंती पळतात, चेहरा पळत नाही. परक्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालायला आपल्याला अवघड जातं, तर त्याच्या भुवईकडे किंवा कानाकडे बघा. कोणाला फरक कळत नाही. तरीही भोवळ येत असेल तर सरळ सांगा, "हळू चालूया." गुडघेदुखी, गरोदरपण, चक्कर, काहीही असो, वेग कमी करायला सांगणं हा हक्कच आहे, आणि चांगला नाचणारा तो लगेच मानतो.

स्विंग संपताना रॉबिन उजवीकडे आणि लार्क डावीकडे उघडतात, दोघांचं तोंड समोरच्या रांगेकडे. हे शेवटचं उघडणं बरोबर झालं की पुढचं सगळं बरोबर होतं. एखादा ठोका आधीच फिरणं थांबवा, हे मी शंभर वेळा स्वतःला सांगितलंय.

बाकीच्या हालचाली

झटपट सांगते, कारण त्या वॉक-थ्रूमध्ये कळतात. डो-सी-डो: एकमेकांना न शिवता पाठीला पाठ लावून प्रदक्षिणा, हा मूळ फ्रेंच शब्दांचा, पाठीला पाठ या अर्थाच्या, अमेरिकन अपभ्रंश. अलेमांड: एक हात धरून दोघांनी एकमेकांभोवती फिरणं, अंगठ्याने आवळायचं नाही. स्टार: चौघांनी मध्ये हात घालून भिंगरी, पुष्कळ ठिकाणी पुढच्याचं मनगट धरतात. बॅलन्स: चार ठोक्यांत पुढे पाऊल, मागे पाऊल, आणि लाकडी फरशीवर सगळ्यांचा एकदम धप्प. पेट्रोनेला: कड्यात स्वतःभोवती फिरत एक घर उजवीकडे सरकणं, आणि मग दोन टाळ्या. या टाळ्या कॉलर शिकवत नाही, त्या आपोआप लागण होऊन येतात.

'हे' नावाची हालचाल पहिल्या रात्री आली तर पोटात गोळा येईल. चौघं एका ओळीत, एकदा उजव्या खांद्याने आणि एकदा डाव्या खांद्याने एकमेकांना ओलांडत आरपार जातात. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा शिमग्यात गोफ विणलेला असेल तर ओळखीचं वाटेल. गोफातली दोरी काढून टाका, राहील ती 'हे'. पाय हलते ठेवा, वाट सापडते.

रॉबिनला हात वर करून गिरकी द्यायची हौस बऱ्याच लार्कांना असते. गिरकी नको असेल तर हात खालीच ठेवा. ती पूर्णपणे ऐच्छिक आहे.

सोळा मात्रांचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. गावात पंचवीस वर्षं भजनाला तबला वाजवलेला माणूस. नाचायला उठले नाहीत, पियानोशेजारच्या खुर्चीत बसून मांडीवर बोटं आपटत राहिले. मध्यंतरात मी पाणी प्यायला आले तर म्हणाले, "अगं, हे त्रितालात बसतंय की. चार आवर्तनं झाली की तुमची माणसं बदलतात. आणि खालीला बरोब्बर दुसरं काहीतरी सुरू करता."

मी तोवर वर्षभर नाचत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. या नाचाच्या बहुतेक धुना चार भागांच्या असतात: पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा. प्रत्येक भाग सोळा ठोक्यांचा, म्हणजे त्रितालाचं एक आवर्तन; एकूण चौसष्ट. बहुतेक हालचाली आठ ठोक्यांच्या, म्हणजे अर्धं आवर्तन. स्विंगसारखी मोठी असेल तर बारा किंवा सोळा. एका साध्या नाचाचं उदाहरण घ्या.

पहिलं आवर्तन: शेजाऱ्याबरोबर बॅलन्स, चार; मग स्विंग, बारा.
दुसरं: दोन्ही रांगा हात धरून पुढे जाऊन मागे, आठ, नवव्या मात्रेला, म्हणजे खालीला, दोन्ही लार्क मध्ये येऊन डाव्या हाताने अलेमांड, दीड फेरी, आठ.
तिसरं: आता समोर आपला पार्टनर. बॅलन्स चार, स्विंग बारा.
चौथं: चौघांचं कडं डावीकडे पाऊण फेरी, आठ, कड्यातच बॅलन्स, चार, शेवटच्या चार मात्रांत पार्टनरचा हात वर, रॉबिन कमानीखालून, दोघं जागा बदलून उलट तोंडाने नव्या जोडीसमोर. आणि सम, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा.

अर्ध्या मिनिटाहून किंचित जास्त वेळात एवढं होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याला सम कळते त्याला पावलं मोजावी लागत नाहीत. धून वळली की हालचाल वळते. म्हणून गोंधळलात तर कॉलरपेक्षा फिडलकडे कान द्या. धुना मुख्यतः दोन जातींच्या: रील, सरळ धावणारी, आणि जिग, जिच्यात एका ठोक्याचे तीन तुकडे पडून झोका येतो. 'कोरस जिग' नावाची एक जुनी धून आहे, ती रील आहे. नावावर जाऊ नका.

विचारणं, नाही म्हणणं आणि स्पर्श

एक नाच संपला की जोड्या सुटतात आणि प्रत्येक जण नवा पार्टनर शोधतो. एकाच माणसाबरोबर रात्रभर नाचण्याची पद्धत नाही. कोणीही कोणालाही विचारतं. बायकांनी वाट बघत बसायची गरज नाही. "पुढचा नाच नाचाल का?" एवढं पुरतं. भिंतीशी खुर्चीत बसलात तर लोकांना वाटतं की तुम्ही दमलात. नाचायचं असेल तर उभे राहा, रांगेच्या जवळ.

कोणी नाही म्हटलं तर तो त्या नाचापुरता नकार. तुम्हालाही नाही म्हणता येतं आणि कारण द्यावं लागत नाही. आपल्याला ते जड जातं. आपण पाय दुखतो, पाणी प्यायचंय, नवरा वाट बघतोय अशी तीन कारणं देतो आणि शेवटी हो म्हणतो. इथे "नको, थँक यू" म्हणा आणि हसा.

परक्या पुरुषाचा पाठीवर हात, हे मला पहिल्या रात्री खटकलं का? हो. दुसऱ्या नाचापर्यंत. तो हात बारा ठोक्यांनी निघून जातो आणि दुसऱ्याचा येतो. त्यात कामापलीकडे काही नसतं, बसमध्ये दांडी धरावी तसा तो असतो. पण दांडीसारखा नसलेला हातही कधी येतो. तेव्हा फार घट्ट असेल तर "जरा सैल" म्हणा, खाली असेल तर स्वतःच उचलून वर ठेवा, आणि तरी कोणी समजत नसेल तर दाराशी बसलेल्या आयोजकांना सांगा. चांगल्या नाचांत यासाठी ठरलेली माणसं असतात आणि ती ऐकून घेतात.

चुकलात तर

चुकणारच. चुकलेली हालचाल पूर्ण करायला जाऊ नका, ती गेली. पुढची हालचाल जिथून सुरू होते तिथे जाऊन उभे राहा. हात पुढे धरा, कोणीतरी धरेल. डोळे वर ठेवा. पायांकडे बघणाऱ्याला समोरून आलेला हात दिसत नाही. "सॉरी" म्हणायला चार ठोके लागतात आणि तेवढ्यात आणखी एक हालचाल सुटते, तेव्हा तेही नको. खूपच फाटलं तर चौघांनी हसत उभं राहून नव्या जोडीची वाट बघायची. अर्ध्या मिनिटात सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. जुने लोक चुकतात तेव्हा जास्त आनंदाने चुकतात, हे बघून ठेवा.

फक्त नाच चालू असताना रांग सोडून निघून जाऊ नका, कारण मग तुमचा पार्टनर एकटा पडतो आणि तो जाईल ते प्रत्येक कडं तिघांचं होतं. दम लागला तर टोकाला पोचेपर्यंत कळ काढा आणि तिथून दोघांनी बाहेर पडा.

मध्यंतर आणि शेवट

नऊच्या सुमारास मध्यंतर होतं. त्याआधी एक वॉल्ट्झ, म्हणजे जोडीचा संथ नाच, आणि रात्रीच्या शेवटीही एक. वॉल्ट्झ येत नसेल तर बसून ऐका. पूर्ण रात्रीत फिडल सगळ्यात सुरेल तेव्हाच वाजतं. मध्यंतरात टेबलावर लोकांनी आणलेली बिस्किटं, सफरचंदं, कधी केक. मी एकदा चकल्या नेल्या होत्या. बँडने अर्धा डबा संपवला आणि तेलकट हातांनी फिडल धरता येईना म्हणून मध्यंतर दहा मिनिटं वाढलं. तेव्हापासून शंकरपाळे नेते.

मध्यंतरानंतरचे नाच अवघड असतात. दमला असाल तर बसा, लाज नाही. पण एकाच रात्रीवरून ठरवू नका. पहिल्या रात्री फक्त गोंधळ आठवतो, दुसऱ्या वेळी चेहरे ओळखीचे वाटतात, तिसऱ्या वेळी कॉलर काय म्हणतोय ते कळायला लागतं. निघताना खुर्च्या उचलायला हात लावा, कोणी झाडू दिला तर झाडा. हे सगळं स्वयंसेवकांवर चालतं. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि उजवा खांदा दुखेल. गरम पाण्याने शेका. आणि ते कापडी बूट घरात आणू नका, गाडीच्या डिकीतच ठेवा.